लट्टलूरचे बिरुद

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. तरीही इ.स. ८६६ च्या शिरूर (कर्नाटक) येथील कन्नड शिलालेखात पहिल्या अमोघवर्षाला ‘लट्टलूरपुरवरेश्वर’ म्हटले आहे, आणि गरुड हे त्याचे लांछन सांगितले आहे.

हे लट्टलूर कोणते? फ्लीटने आधी बिलासपूरकडचे रतनपूर सुचवले, पुढे त्यानेच लातूर मानले. रट्ट-लट्ट हा र-लचा बदलही मराठी कानाला परका नाही.

देवगिरीचे यादवसुद्धा गरुडध्वज मिरवीत. पण बिरुद लावीत ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’. कृष्णाच्या द्वारकेशी नाते सांगण्यात थोरवी होती, यात नवल नाही. लट्टलूरला असले पुराणप्रसिद्ध वलय कुठले? नुसती बढाईच मारायची, तर सम्राटाच्या भाटाने एखादी अयोध्या-मथुरा निवडली असती. म्हणून हे बिरुद मला कुळाच्या मूळ गावाची खरी आठवण वाटते. मालकीशी त्याचा संबंध नव्हता. राष्ट्रकूटांची सत्ता गेल्यावरही सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकापर्यंत तेच बिरुद आणि सुवर्णगरुडध्वज जपला. त्यांचे राज्य मात्र बेळगावकडचे.

लातूरचे नाव असे दूरदूरच्या दगडांवर सापडते. आमच्या लोह्याशेजारच्या कंधारला राष्ट्रकूट अधिक जवळचे आहेत. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या तिथल्या शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ येतो. तो तलाव आजही कंधारात आहे. लोक त्याला जगत्तुंग सागर म्हणतात.