तळटीप : ‘बोटाला लावलेली चिमटी’
रुग्णाच्या खाटेजवळच्या मॉनिटरला जोडलेली ही चिमटी म्हणजे पल्स ऑक्सिमीटरचा, अर्थात धमनीतील रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राचा, संवेदक होय. तिच्या एका बाजूला सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश आळीपाळीने सोडणारे दोन एलईडी असतात, तर समोरचा फोटोडायोड बोटातून पार झालेला प्रकाश टिपून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते, प्राणवायूविना असलेले तांबडा. परंतु त्वचा, हाड आणि शिरांतील रक्तही प्रकाश शोषत असल्याने धमनीतील रक्ताचा हिशेब वेगळा काढणे ही खरी अडचण होती. जपानी अभियंते ताकुओ आओयागी हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजत असताना नाडीच्या ठोक्यांमुळे होणारा संकेताचा चढउतार त्यांना अडथळा ठरत होता, आणि हा चढउतार धमनीतील रक्ताचाच आहे हे ओळखून १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी त्या अडथळ्यालाच मापनाचे साधन केले. आधुनिक वैद्यकातील ही अत्यंत सुंदर कल्पना म्हणावी लागेल. पडद्यावरची टक्केवारी निरोगी स्वयंसेवकांवर घेतलेल्या मोजमापांशी जुळवून ठरवलेली असते, आणि त्यांचा प्राणवायू फार खाली नेणे धोक्याचे असल्याने ७० टक्क्यांखालचे आकडे विश्वसनीय मानत नाहीत. काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवते, असे २०२० मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने पुन्हा दाखवून दिले. ही त्रुटी किरकोळ समजणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.