व्यसनमुक्तीचे वर्तनोपचार : शपथेनंतर काय?

उपवासकाळ सुरू झाला की धर्मग्रामांत एक दृश्य हमखास दिसते. मिस्सा आटोपल्यावर एखादी माता किंवा पत्नी धर्मगुरूंच्या कार्यालयापाशी घुटमळते. तिच्या मागे मान खाली घालून एक पुरुष उभा असतो. "फादर, यांना क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा," एवढीच तिची विनंती असते. शपथ दिली जाते. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत ती बहुधा टिकतेही. सणाच्या जेवणात पहिला पेला पुढे येतो आणि पंधरवड्यात सारे पूर्ववत होते. मग घरातूनच उद्गार निघतात, "देवाची शपथसुद्धा याने मोडली. आता याचे काही खरे नाही."

हा निष्कर्ष आम्हाला पेल्याइतकाच घातक वाटतो. शपथ माणसाची इच्छा व्यक्त करते आणि ती इच्छा मोलाची आहे. परंतु वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली सवय एका क्षणाच्या इच्छेने सुटत नाही. ती जशी शिकली गेली, तशीच टप्प्याटप्प्याने विसरावी लागते आणि तिच्या जागी दुसरे काही शिकावे लागते. या शिक्षणाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींना वर्तनोपचार म्हणतात. त्यांची ओळख आमच्या वाचकांना व्हावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

पाप की आजार?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. कॅथोलिक श्रद्धाग्रंथाने (परिच्छेद २४१३) पैजेचे खेळ स्वतःहून अन्यायकारक ठरवलेले नाहीत. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजांसाठी आवश्यक असलेला पैसा त्यात जाऊ लागला की ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात, आणि जुगाराची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. त्याच ग्रंथात (परिच्छेद १७३५) असेही सांगितले आहे की सवय, भीती व मानसिक कारणे यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौलाने मांडलेली आंतरिक ओढाताण ज्याने वाचली आहे, त्याला व्यसनी माणसाचे दुःख परके वाटू नये.

वैद्यकशास्त्राची भूमिकाही स्पष्ट आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानग्रंथात जुगाराच्या विकाराला दारू व अमली पदार्थांच्या विकारांशेजारी स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही हे विकार एकाच गटात आहेत. पोटात काहीही न जाता केवळ वर्तनाचे व्यसन लागू शकते, हे आता मान्य झाले आहे.

सवय कशी जडते?

प्रत्येक व्यसनात तीन कड्या असतात : चेतवणारा प्रसंग, कृती आणि फळ. दिवसभराचा शीण, लोकलमधील घुसमट, स्थानकाबाहेरचा ओळखीचा गुत्ता हा प्रसंग. पेला ही कृती. क्षणभराची सुटका हे फळ. ही साखळी शेकडो वेळा फिरली की प्रसंग दिसताच हात आपोआप पुढे होतो.

जुगारात ही साखळी आणखी चिवट होते, कारण फळ कधी मिळेल याचा नेम नसतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की अनियमितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सर्वांत उशिरा सुटते. थोडक्यात हुकलेला आकडाही जुगाऱ्याला हरल्यासारखा वाटत नाही, "आता जवळ आलो" असेच वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'कल्याण मटका' या नावाचा आपल्या कल्याण शहराशी संबंध नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आकड्यांचा खेळ सुरू केला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. आकडा आज मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. कायद्याने दुकान बंद होऊ शकते, पण जडलेली सवय त्याने सुटत नाही. तिच्यावर उपचारच करावे लागतात.

आधी देह सांभाळा

उपचारांकडे वळण्यापूर्वी एक गंभीर सूचना. रोज मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, फिट्स, भास, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात. प्रसंगी हे जिवावर बेतते. म्हणून अशा माणसाला थेट मनन-शिबिरात किंवा प्रार्थनासभेत नेऊन "आजपासून बंद" म्हणणे धोक्याचे आहे. प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातील विष उतरवावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण नव्हे.

वर्तनोपचाराच्या प्रमुख पद्धती

प्रेरणादायी संवाद : विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली व पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासमवेत विकसित केली. समुपदेशक उपदेश करीत नाही, वादही घालीत नाही. व्यसनी माणसाच्या मनात सोडावे आणि सोडू नये असे दोन्ही सूर असतात. त्यातला सोडण्याचा सूर त्याच्याच तोंडून बाहेर यावा, असे प्रश्न तो विचारतो. आम्हा धर्मगुरूंना हे विशेष शिकण्यासारखे आहे, कारण उपदेशाची घाई आम्हालाच अधिक असते.

बोधात्मक वर्तनोपचार : यात विचार आणि कृती यांची गाठ सोडवली जाते. "इतके हरलो, आता लागायलाच हवे" हा जुगाऱ्याचा लाडका विचार. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते आणि मागच्या हरण्याची तिला आठवण नसते, हे त्याला कागदावर मांडून तपासायला शिकवतात.

पुनर्व्यसन-प्रतिबंध : ॲलन मार्लाट यांनी १९८० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. धोक्याचे प्रसंग आधीच हेरायचे आणि प्रत्येकासाठी पर्याय ठरवून ठेवायचा. समजा, पगाराच्या दिवशी कल्याण स्थानकातून उतरल्यावर पाय गुत्त्याकडे वळतात. मग त्या दिवशी पत्नीने किंवा भावाने स्थानकावर भेटायचे, स्कायवॉकवरून दुसऱ्या बाजूने घरी जायचे, पोटात आधीच काही खाल्लेले असू द्यायचे. तीव्र ओढ समुद्राच्या लाटेसारखी चढते आणि काही वेळाने उतरते. तेवढा वेळ तग धरण्याचा सराव केला जातो. एकदा पाय घसरला म्हणजे सारे संपले, या विचारावरही येथे उपचार होतो. घसरण झाली तर ती कोठे, केव्हा, कशाने झाली याची नोंद करून योजना सुधारायची असते.

बक्षीस-योजना : तपासणीत नशा न आढळल्यास लहानसे बक्षीस किंवा कूपन दिले जाते. ऐकताना हे पोरकट वाटते, परंतु कोकेनसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात या पद्धतीचे परिणाम सर्वाधिक भक्कम आढळले आहेत.

स्वमदत गट : अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे झाली, तर गॅम्बलर्स ॲनॉनिमसची १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे. बारा पायऱ्यांच्या या मार्गात आत्मपरीक्षण, कबुली आणि दुखावलेल्यांची भरपाई यांना स्थान आहे. प्रायश्चित्त संस्काराशी असलेले त्याचे नाते आमच्या वाचकांच्या सहज लक्षात येईल.

जुगाराच्या बाबतीत एक काळजी अधिक घ्यावी लागते. पैशाचा व्यवहार काही काळ विश्वासू व्यक्तीकडे सोपवावा, मोबाइलमधील खेळ व कर्जाची ॲप्स काढून टाकावीत आणि कर्जाची खरी यादी करावी. जुगाऱ्याचे कर्ज आईने दागिने मोडून गुपचूप फेडले, तर त्याला नव्या डावासाठी मोकळीक मिळते. दुसरीकडे कर्ज व लाज यांच्या कोंडीत आत्महत्येचा विचार बळावतो. तसे बोल कानी आले तर ते नाटक समजू नये. त्याच क्षणी मदत मागावी.

आपल्या परिसरातील अनुभव

या उपचारांना आपल्या मातीत चार दशकांचा इतिहास आहे. मुंबई धर्मप्रांताचे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली. आपण स्वतः मद्यासक्तीतून सावरलो आहोत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शिष्याने बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात ब्राउन शुगरच्या विळख्यावर डॉ. अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी तेथील उपचारांना प्रेमाची शिस्त दिली. ३५ दिवसांचा निवासी उपचार आणि त्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा ही तेथील पद्धत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयपीएच संस्थेने अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी घरांपर्यंत नेली.

गोव्यातील 'संगाथ' संस्थेचे काम तर जगाने दखल घ्यावी असे आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक होते. तीन महिन्यांनंतर धोकादायक मद्यपानातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात २६ टक्के होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यात चमत्कार नाही. बरेच जण या बैठकांनंतरही सुटले नाहीत. तरीही शंभरांतील दहा अधिक घरे सावरणे, तेही इतक्या साध्या साधनांनी, ही मोठी गोष्ट आहे.

याउलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यासक्त झालेल्या सुमारे ३८ भारतीयांपैकी केवळ एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेले ३७ आपल्याच वाड्यांत, इमारतींत आणि बाकांवर आहेत.

कुटुंब व धर्मग्राम यांनी काय करावे?

माणूस शुद्धीवर असताना, शांतपणे, थोडक्यात बोलावे. ज्या दिवशी तो प्याला नाही, त्या दिवसाची दखल घ्यावी. कामावर "त्यांना ताप आहे" असे खोटे कळवू नये. मारझोड होत असल्यास पत्नी व मुलांची सुरक्षितता प्रथम. सहन करीत राहणे हा त्यांचा क्रूस आहे, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. माणसाला दोरीने बांधून, मारून सुधारण्याचा दावा करणाऱ्या केंद्रांत पाठवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनी रुग्णालाही सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे.

धर्मग्रामाने सभागृहाची एक खोली स्वमदत गटाला द्यावी आणि तेथे कोण येते याची चर्चा करू नये. सणाच्या मेजवानीत मद्याविना उत्सव शक्य आहे हे दाखवावे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक १४४४६ व टेलिमानसचा १४४१६ हे विनामूल्य क्रमांक सूचनाफलकावर लावावेत.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पिता मुलाला दूर असतानाच पाहतो, म्हणजे तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. पुढल्या उपवासकाळात कोणी शपथ मागायला आला, तर शपथ अवश्य द्यावी. त्याबरोबर डॉक्टरांचा पत्ता, गटाच्या बैठकीचा वार आणि पुढच्या आठवड्यातील भेटीची वेळही द्यावी. शपथ मोडली तरी ती भेट मोडू नये.