तगरचा माल आणि नाविकांचें आकाश

धाराशिव जिल्ह्यांतील तेर समुद्रापासून बरेंच दूर. पण प्राचीन काळीं ‘तगर’ या नांवानें तें सागरी व्यापारांत विख्यात होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांताप्रमाणें तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांतून भडोचला येई आणि तेथून जहाजांवर चढे.

किनारा दिसेनासा झाला, म्हणजे माल व प्राण दोन्ही नाविकाच्या ज्ञानावर विसंबत. आर्यशूराच्या ‘जातकमाला’ ग्रंथांतील वृद्ध सुपारगास भडोचचे व्यापारी आग्रहानें बरोबर नेतात. कारण ग्रहताऱ्यांची गति जाणणाऱ्या त्यास दिशाभ्रम होत नसे.

खगोलाचा उत्तर ध्रुव क्षितिजावर जितके अंश उंच, तितके त्या स्थळाचे अक्षांश : तेरला सुमारें १८, भडोचला सुमारें २२. परंतु पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्याप्रमाणें संथ डोलत असल्यामुळें आजचा ध्रुवतारा त्या काळीं या बिंदूपासून दहा अंशांहून अधिक दूर होता. एकाच ताऱ्यावर भिस्त ठेवून तेव्हां भागत नसे; सारें आकाशच अभ्यासावें लागे.

पुढें मोठ्या जहाजांचें नेतृत्व परकीयांच्या हातीं गेलें. १९२७ सालीं मुंबईस ‘डफरिन’ हें शिक्षणजहाज सुरू झालें, तेव्हां हिंदी तरुणांस ही विद्या रीतसर शिकून अधिकारी होण्याची वाट मिळाली. माल पिकविणाऱ्या देशास मार्ग काढणारेही आपलेच असावे लागतात, हेंच त्या शिक्षणाचें मर्म होय.