अळंबीची पारख

मृगाचा पाऊस पडून दोन-चार दिवस उघडीप झाली, की कोकणात वारुळांच्या आसपास अळंबी वर येते. विदर्भातल्या बाजारात पावसाळ्यात सात्या म्हणून विकतात, त्याही अळंबीच. आपल्या मंडळातील कित्येक भगिनींनी माहेरी तिचे कालवण खाल्ले असेल; कित्येकींना मात्र ‘कुत्र्याची छत्री ती, हात लावू नकोस’ एवढेच ऐकायला मिळाले असेल. एकाच प्रांतात ही दोन मते शेजारी-शेजारी कशी नांदली, याचे मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर कवक, म्हणजे अळंबीही, द्विजांना वर्ज्य सांगितली आहे. लसूण-कांद्याने पुढे बहुतेक स्वयंपाकघरांत प्रवेश मिळवला. अळंबी बाहेरच राहिली. ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांनी ती खाल्ली नाही, आणि ज्या रानात जाऊन ती आणीत त्यांना लिहिता येत नव्हते. म्हणून तिची पारख आईकडून लेकीकडे तोंडीच आली, असे मला वाटते.

भीती काही निराधार नव्हती. रोमचा बादशहा क्लॉडियस इ. स. ५४ मध्ये मरण पावला, तो राणी अॅग्रिपिनाने अळंबीतून विष घातल्यामुळे, असे जुने रोमन इतिहासकार सांगतात. त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने विषारी अळंबी ओळखण्याच्या खुणा लिहून ठेवल्या: गंजलेले खिळे, कुजक्या चिंध्या किंवा सापाचे बीळ यांच्याजवळ उगवलेली अळंबी विषारी समजावी! पुढे आणखी आडाखे निघाले. चांदी काळी पडली तर विष, किड्याने खाल्ली असेल तर निर्धोक, उकळून पाणी टाकले की भय नाही. माझ्या आजोळीही कोणी कोणी रश्शात चांदीचा रुपया टाकीत. आजीला ते पटत नसे. ती म्हणे, “रुपयाला काय विचारतेस? ती उगवली कुठे ते सांग, आणि बुडखा दाखव.”

आजी शाळेत गेली नव्हती, पण शास्त्र तिच्याच बाजूचे निघाले. पॅरिसच्या वेयाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेले अत्यंत विषारी अशा एका हिरवट अळंबीचे वर्णन १७२७ साली छापले गेले. १७२९ साली फ्लॉरेन्सच्या मिकेली याने फळाच्या फोडीवर अळंबीची धूळ पेरून बुरशी वाढवून दाखवली. तोवर ती चिखलातून आपोआप उगवते असे विद्वानही मानीत. आपल्याकडे तर वीज कडाडली की अळंबी येते असे अजून म्हणतात. वेयाँच्या त्या अळंबीतले मुख्य विष, अॅमॅनिटीन, १९४१ मध्ये जर्मनीत वेगळे काढण्यात आले. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, चांदीला तर त्याचा पत्ताही लागत नाही. गोगलगाय तीच अळंबी खुशाल खाते.

आता आजीच्या बुडख्याविषयी. १७७९ साली तंजावरकडील वाळवीवर लिहिताना कोनिग या डॉक्टराने वारुळातल्या बुरशीचा उल्लेख केला. वाळवी ही बुरशी आपल्या घरात जोपासते, जणू शेतीच करते. त्याच बुरशीतून आपली वारुळावरची अळंबी वर येते. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ हाइम याने या कुळाला ‘टर्मिटोमायसीस’ हे नाव दिले. तिचा दांडा जमिनीत लांब मुळासारखा थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, आणि छत्रीला मध्ये टोक असते. उलट त्या प्राणघातक कुळातील अळंबीच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखी वाटी असते, आणि ती बहुधा मातीखाली दडलेली असते. वरच्या वर खुडणारीच्या हातात छत्री येते, साक्ष मातीत राहते. छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली तर भुकटीचा ठसा उमटतो: वारुळावरचीचा गुलाबीसर, त्या घातकीचा पांढरा, आणि गवतात उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या विषारी अळंबीचा चक्क हिरवट. तथापि एकट्या ठशावर कोणी विसंबू नये.

जाणत्याचेही चुकते. जर्मनीचे युलियस शेफर अळंबीशास्त्रातले मोठे नाव. त्या काळी खाण्याजोगी मानलेली एक जात खाऊन ते १९४४ साली गेले. स्वित्झर्लंडमध्ये मात्र नागरिकांनी रानातून आणलेली टोपली तपासून देणारे अधिकृत तपासनीस असतात; त्यांची संघटना १९२५ पासून आहे. आपल्याकडे अशी सोय असती, तर एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानअळंबी खाऊन १३ माणसे दगावली, त्यांत बहुतेक चहामळ्यांतली, त्यातली काही तरी वाचती, असे मनात येते.

या विषाचा कावा असा, की खाल्ल्यावर सहा तासांपासून चोवीस तासांपर्यंत काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, पुढे एखादा दिवस बरे वाटते, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. म्हणून रानची अळंबी खाऊन पोट बिघडले, तर उतार पडला म्हणून घरी थांबू नये. उरलेले कालवण आणि निवडताना टाकलेले बुडखे कागदात गुंडाळून रोग्याबरोबर तडक मोठ्या दवाखान्यात न्यावेत; आणि त्या पंगतीला जे जे जेवले असतील त्या सर्वांना, बरे वाटत असले तरी, बरोबर न्यावे.