नदीचा काठ कोठे संपतो?

नदीला दोन काठ असतात, हे आपण लहानपणीच शिकतो. परंतु काठ नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, असे कोणी विचारले की शाळेतला भूगोल अपुरा पडतो. वैशाखात मुठेच्या पात्रात उभे राहणाऱ्याला काठ एके ठिकाणी दिसेल, आणि श्रावणात लकडी पुलावरून पाहणाऱ्याला तो दुसरीकडेच दिसेल. नदीचा काठ ऋतुमानाप्रमाणे सरकतो. माणसाच्या मालकीची हद्द मात्र सरकत नाही. या दोहोंतील भांडणाचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

आपल्या पूर्वजांनी काठ कसा वापरला ते आधी पाहू. घाट, देवळे, स्मशान, धुणी, उन्हाळ्यातील कलिंगडांच्या वाड्या, ही सारी कामे अशी की, चार दिवस पाणी चढले तरी कोणाचा संसार वाहून जात नाही. घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि पाणी ओसरले की पुन्हा उघड्या पडतात. अर्थात हे सारे शहाणपणानेच घडले असे मानून भारावून जाण्याचे कारण नाही; त्या काळी जागेची टंचाईही नव्हती. ती आली तेव्हा कायद्याची गरज भासू लागली.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्याप्रमाणे नद्या, ओढे व तलाव यांची तळजमीन, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, सरकारची. म्हणजे तळ सर्वांचा आणि काठ ज्याचा त्याचा! परंतु पुराच्या दिवशी काठ हाच तळ होतो. त्या दिवसापुरता हक्क कोणाचा, हा प्रश्न मालकीच्या कायद्याने सुटत नाही.

या प्रश्नाच्या दोन कथा १९६१ या एकाच वर्षी सुरू झाल्या. पहिली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातली. त्या वर्षीच्या एप्रिलात एका दांपत्याने नोकबे नावाच्या सरोवराच्या दक्षिण तीरावर सुमारे ३६ एकर जमीन विकत घेतली. पुढे १९६५ साली त्या राज्याने कायदा केला. सरोवराच्या काठापासून १००० फुटांपर्यंत आणि नदीच्या काठापासून ३०० फुटांपर्यंत जमिनीचा वापर कसा व्हावा, याचे नियम प्रत्येक जिल्ह्याने करावेत, असे त्याने ठरविले. १९६८ साली त्या दांपत्याने परवानगीवाचून दलदलीच्या जागेत वाळूचा भराव टाकला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७२ साली निकाल लागला. तात्पर्य असे की, जमीन तुमची असली तरी तिचे मूळचे नैसर्गिक रूप पालटून दुसऱ्याचे नुकसान करण्याचा निरंकुश हक्क तुम्हांस नाही. म्हणून अशा निर्बंधाबद्दल भरपाईही नाही. मात्र कायद्याने आखलेली रेषा कायद्यानेच ढिली करता येते. २०१५ साली त्याच राज्याने, जिल्ह्यांनी राज्याच्या किमान नियमांहून कडक नियम करू नयेत, असे ठरविले.

दुसरी कथा आपली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे फुटले, आणि मुठा पुण्याच्या पेठांत शिरली. त्या दिवसाचे वर्णन पुणेकरांस सांगावयास नको. कित्येक घरांत त्याच्या आठवणी आजही निघतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही आपत्ती धरण फुटल्यामुळे आली. त्यामुळे दोष धरणाचा आहे, काठावरच्या बांधकामाशी त्याचा संबंध नाही, असे म्हणावयास वाव राहिला. धरणाची चौकशी झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. काठावर रेषा आखण्याचे सूत्र मात्र राज्याच्या पाटबंधारे विभागाने १९८९ साली दिले, म्हणजे २८ वर्षांनी.

त्या वर्षीच्या परिपत्रकात दोन रेषा आहेत. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची; दोहोंमधील पट्ट्यात बांधकाम निर्बंधांखाली. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ पूर येऊन गेला की आता चोवीस वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षी पंचविसांत एक इतका त्याचा संभव असतो. लागोपाठ दोन वर्षे तो आला, तरी गणित चुकले असे होत नाही.

मुठेची निळी रेषा ६० हजार घनफूट प्रतिसेकंद प्रवाहासाठी आखली आहे, आणि लाल रेषा एक लाखासाठी. आता २५ जुलै २०२४ आठवा. त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी घराघरांत शिरले. खडकवासल्यातून सोडलेले पाणी ६० हजारांच्या पुष्कळच आत होते. खालच्या ओढ्यानाल्यांची त्यात भर पडली, हे खरे. परंतु भरावांनी आणि राडारोड्याने पात्र आवळले गेले, की तेवढेच पाणी अधिक उंच चढते, हेही तितकेच खरे. प्रत्येक भराव टाकणारा म्हणतो, माझ्या चार गाड्या मातीने नदीचे काय बिघडणार? एकट्याच्या चार गाड्यांनी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक जण टाकतो. नियम करावा लागतो तो याचसाठी.

येथे एक न्यायाची बाजूही आहे. रेषेच्या आत राहणाऱ्यांत हौसेने आलेले थोडे. परवडेल तेथे घर घेतलेले पुष्कळ. रेषा वेळेवर आखली नाही तर तिची किंमत अखेरीस या माणसांना मोजावी लागते, आणि मग त्यांनाच आपण अतिक्रमण करणारे म्हणतो. कागदावर रेषा आखणे स्वस्त असते. घरे उभी राहिल्यावर तीच रेषा माणसांच्या संसारांतून न्यावी लागते.

नदीला किती जागा लागते, हे आपल्या सोयीने ठरत नाही; ते डोंगरावरचा पाऊस ठरवितो. ती जागा कोरडी असतानाच सोडावयाची, की पाण्यातून पोरेबाळे खांद्यावर घेऊन निघताना सोडावयाची, एवढीच निवड आपल्या हाती आहे.