होडी पाण्यात नाही, रस्त्यावर अडते

मागच्या भागाखाली एकाने विचारलं होतं, "दादा, इतिहास म्हणजे लढाया आणि राजेच का? साध्या वस्तूंचा इतिहास नसतो का?" असतो की. आज होडीबद्दल बोलू. पण पाण्यातल्या नाही, जमिनीवरून नेल्या जाणाऱ्या होडीबद्दल.

हा विषय डोक्यात कसा आला ते आधी सांगतो. मी मूळचा सांगलीचा, नोकरीला पुण्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमची आजी गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकली होती आणि मी पुण्यात फोन हातात धरून बसलो होतो. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. फोनवर आजी एकच गोष्ट विचारत होती, "होडी कधी येणार रे?" मी म्हणायचो, "येतीय, येतीय." कुठून येतीय, कशी येतीय, मला काहीच माहीत नव्हतं. शेवटी दीड दिवसाने एक रबरी होडी आली आणि आजी सुखरूप बाहेर पडली. मागाहून कळलं, ती होडी कुठून तरी टेम्पोत घालून आणली होती आणि तिचा बराचसा वेळ रस्त्यावरच गेला होता.

तेव्हापासून आमच्या गल्लीचा एक हट्ट होता, की आपली स्वतःची एक होडी पाहिजे. मागच्या वर्षी वर्गणी जमली, रत्नागिरीकडे १४ फुटी फायबरची जुनी होडी ठरली आणि ती आणायचं काम आलं माझ्यावर. इंजिनियर आहे ना! मी ऐटीत पिकअप ठरवली. पिकअपवाल्या मामांनी होडी बघितली, हौदा बघितला आणि विचारलं, "हौदा नऊ फूट. मग पाच फूट होडी मागं लोंबकळत न्यायची व्हय? आंबा घाटात अंधारात मागनं दुचाकीवाला आला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाळका उघडा टाकून, शेपटाला लाल फडकं बांधून नेऊ, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही ते बरं झालं. मामांनी फोन करून मोठा टेम्पो बोलावला. तो येईपर्यंत चार तास होते. त्या चार तासांत मी मोबाईलवर जे वाचत बसलो, तोच आजचा भाग.

चला, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जाऊ. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क हे दोघे पथक घेऊन मिसुरी नदीतून पश्चिमेकडे निघाले होते. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी त्यांना पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला पाठवलं होतं. १३ जून १८०५ ला लुईस आजच्या मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्सला पोचला. वाटेत धबधबा लागणार हे त्यांना स्थानिक हिदात्सा लोकांकडून कळलं होतं. पण पुढे जाऊन बघतात तर एक नाही, ओळीने पाच धबधबे!

आता होड्या वर कशा न्यायच्या? नदीतून शक्यच नव्हतं. मग जमिनीवरून. क्लार्कने पायी फिरून वाट आखली आणि खुंट्या ठोकल्या. अंतर भरलं साधारण १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर. होड्या सहा, सगळ्या कॉटनवूडच्या झाडाचं खोड कोरून केलेल्या, एकेक काही शे किलोची. वर सामान वेगळं. घोडे नाहीत, बैल नाहीत, फक्त माणसं.

त्यांनी काय केलं, तर एक जाड कॉटनवूड शोधलं आणि त्याच्या खोडाच्या आडव्या चकत्या कापल्या. साधारण २२ इंच व्यासाच्या या चकत्या झाल्या चाकं. मोठ्या नावेची डोलकाठी कापून तिचे आस केले. ती नाव झुडपात लपवून ठेवली. म्हणजे एका नावेचा अवयव काढून दुसऱ्या होड्यांची गाडी केली. माझ्या दृष्टीने जगातली पहिली पिकअप हीच!

वाट मात्र भयंकर होती. पाऊस पडून गेला की चिखलात हजारो गव्यांचे खूर उमटायचे आणि तो चिखल वाळून दगडासारखा व्हायचा. त्यावरून चालायचं, तेही निवडुंगाच्या काट्यांतून. लोकांनी चामडी जोड्यांना दुहेरी तळ लावले, तरी काटे आत घुसायचेच. आस मोडले, ते विलोच्या लाकडाचे नवे केले. माणसं इतकी दमायची, की थांबल्या जागी झोपायची. २९ जूनला गारपीट झाली आणि लोक रक्तबंबाळ झाले. त्याच दिवशी क्लार्क, दुभाष्याची बायको साकागाविया आणि तिचं तान्हं बाळ एका घळीत अचानक आलेल्या लोंढ्यातून थोडक्यात वाचले.

आणि यात एक भारी गोष्ट घडली. २५ जूनला वारा जोराचा होता. लोकांनी काय करावं? चाकांवरच्या होडीला शीड लावलं! वारा शिडात भरला आणि होडी गवताळ माळरानावर चाकांवरून पुढे सरकायला लागली. ओढणाऱ्यांचे कष्ट तेवढेच कमी झाले. लुईसने त्याची नोंद करून ठेवली आहे.

२ जुलैला सगळं सामान वर पोचलं. २२ जूनपासून धरले तर ११ दिवस, आणि अंतर फक्त २९ किलोमीटर.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो मला इंजिनियर म्हणून जास्त लागला. लुईसने मोहिमेआधीच हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यात एक लोखंडी सांगाडा बनवून घेतला होता. सुटे भाग न्यायचे, वर गेल्यावर जोडायचे, चामडं चढवलं की ३६ फुटी हलकी होडी तयार. कागदावर एक नंबर डिझाईन! पण शिवण बुजवायला पाइनचा डिंक लागतो आणि त्या माळावर पाइनची झाडंच नव्हती. ९ जुलैला ती होडी पाण्यात सोडली. आधी छान तरंगली, मग शिवणींतून पाणी आत आलं. महिनोन् महिने वाहून आणलेला सांगाडा तिथेच पुरून टाकावा लागला आणि झाडं शोधून दोन नव्या होड्या कोराव्या लागल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एक डिपेन्डन्सी तपासायची राहिली आणि प्रॉडक्शनवर सगळं कोसळलं. चाललं काय, तर झाडाच्या चकत्या. ज्या जागी जे मिळतं, त्यातून केलेली गोष्ट.

हलक्या होडीची पुढची गोष्ट सुमारे १४० वर्षांनंतरची. १९४४ मध्ये ग्रुमन या लढाऊ विमानांच्या कंपनीतले विल्यम हॉफमन अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात सुट्टीला गेले होते. तिथे जड लाकडी कॅनू खांद्यावर वाहून ते हैराण झाले. त्यांना वाटलं, विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमची केली तर? पहिली १३ फुटी कॅनू झाली सुमारे १७ किलोची. युद्ध संपल्यावर विमानांची मागणी घटली आणि कारखान्यात कॅनू बनू लागल्या.

आता आपल्या देशात येऊ. ऑगस्ट २०१८, केरळ. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी '२०१८' हा मल्याळम सिनेमा पाहिला असेल. धरणांचे दरवाजे उघडले, पंपा आणि पेरियार गावांत शिरल्या. चेंगन्नूर, आरन्मुळा इथे लोक छपरांवर. पत्तनंतिट्टा जिल्ह्याला तर समुद्रकिनाराच नाही, मग होड्या येणार कुठून? आल्या कोल्लम, तिरुवनंतपुरम, आलप्पुळा इथल्या किनाऱ्यांवरून, ट्रकवर चढून! कोळ्यांनी स्वतःच्या पोटापाण्याच्या होड्या ट्रकमध्ये घातल्या आणि रातोरात आतल्या गावांकडे नेल्या. सरकारी आकड्यांनुसार सुमारे ४,५०० मच्छीमार आणि ६६९ होड्या. त्यांनी किमान ६५,००० लोक बाहेर काढले.

समुद्रात होडी हाकणं वेगळं आणि गल्लीत हाकणं वेगळं. पाण्याखाली फाटक आहे, कुंपण आहे, विजेचा खांब आहे, दिसत काहीच नाही. कितीतरी होड्यांचे तळ फाटले, इंजिनं बिघडली. सरकारने दिवसाला ३,००० रुपये आणि इंधन जाहीर केलं, तर काही कोळ्यांनी माणसं वाचवण्याचे पैसे घेणार नाही असं सांगितलं.

माळावरचं लुईसचं पथक आणि हायवेवरचे केरळचे कोळी यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. होडी असणं पुरेसं नाही. ती पाण्यापर्यंत पोचवायची सोयही तयार लागते. चाक, दोर, उचलणारी माणसं, उघडा रस्ता. यातलं एक नसलं तरी होडी म्हणजे नुसतं लाकूड. आणि उशिरा पोचलेल्या एका होडीत किती माणसं चढतात, हे आम्ही पाहिलंय. ८ ऑगस्ट २०१९ ला आमच्याच जिल्ह्यात, ब्रह्मनाळला, पुरातून लोकांना काढणारी होडी उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. कितीतरी घरं एका दिवसात उजाड झाली. तिथे जास्त होड्या वेळेत पोचल्या असत्या तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मंडळी, चार तासांनी टेम्पो आला. मामांनी स्वतः थांबून होडी बांधून दिली. पालथी घातली, म्हणजे वारा आत भरत नाही. खाली जुने टायर. पुढून एक दोर, मागून एक आणि मधे दोन पट्टे, पण फार आवळायचे नाहीत, नाहीतर फायबर तडकतं. "पहिल्या दहा किलोमीटरला थांबून गाठी बघ," म्हणाले. बघितल्या. एक खरंच सैल झाली होती.

होडी आता गल्लीत पत्र्याखाली पालथी आहे. तिच्याशेजारी खिळ्याला दोर, पट्टे आणि दोन टेम्पोवाल्यांचे नंबर लिहिलेली पाटी टांगली आहे. आजी म्हणते, "मेली ती होडी, कधी लागू नये." मलाही तसंच वाटतं. पण जूनमध्ये गल्लीतल्या सहा पोरांनी ती उचलून टेम्पोत चढवायची तालीम केली. पहिल्यांदा २५ मिनिटं लागली, तिसऱ्यांदा ९.

तुमच्या गावात पूर येत असेल तर एवढंच शोधा. सगळ्यात जवळची होडी कुठे आहे आणि ती आणणार कोण? उत्तर मिळालं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.