रायपूरच्या खेड्यांत टीव्ही आला, कोलकात्याच्या आधी

सध्या माझं पोस्टिंग रायपूरला आहे.

इंग्लंडमध्ये ‘पेबल मिल ॲट वन’ या कार्यक्रमाने 1972 ते 1986 भरदुपारी घरी असणाऱ्यांना गप्पा, गाणी आणि उपयोगी माहिती एकत्र दिली. आपल्याकडे तशी मिसळ गावाच्या सामायिक टीव्हीवर आली.

1 ऑगस्ट 1975 ला ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली सुमारे 2,400 गावं निवडली होती, त्यांत रायपूर भागातलीही. वर अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह, खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, करमणूक. कोलकात्यात दूरदर्शन 9 ऑगस्टला आलं, मद्रासला 15 ला. म्हणजे इथली खेडी महानगरांच्या पुढे!

पण 31 जुलै 1976 ला मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. उसन्या बंदुकीवर कायमचा पहारा देता येत नाही, हे फौजीला सांगावं लागत नाही. 1983 मध्ये आपला इन्सॅट-1बी वर गेला, त्याचं मोल मला इथे आल्यावर नीट कळलं.